आधी कोणाला उचललं

ताई पहिल्यांदा टेप घेऊन आली तेव्हा वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी तिला दारातच अडवलं. कारखान्यातली पिवळी टेप होती, कडा झिजलेल्या, निम्मे आकडे पुसलेले. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात बाहेरची वस्तू चालत नाही. ताईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती नवी प्लॅस्टिकची टेप घेऊन आली, स्पिरिटने पुसून बंद पिशवीत घातलेली. ती सिस्टरच्या हातात देऊन म्हणाली, हवं तर उकळून घ्या, पण मला माप घेऊ द्या. सिस्टरनी ती खरोखरच पुन्हा पुसली आणि परत दिली. त्यानंतर कुणी तिला हटकलं नाही.

ताई तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. एकावर एक थर रचायचे, वर नमुना ठेवायचा आणि यंत्राने एका दमात कापायचे, हे तिचं काम. वजनावर तिचा विश्वास नव्हता. वजनात बँडेजं येतात, मलम येतं, अंगावरची सूज येते, असं ती म्हणायची, आणि ते चूक नव्हतं. म्हणून ती मुलांची कातडी जिथे शाबूत होती तिथे टेप लावायची. दोघांचाही डावा दंड आणि उजवी पोटरी वाचली होती. माप घेताना ती डोळे किंचित बारीक करायची आणि टेप ना सैल ना घट्ट अशी धरायची. आकडा मोठ्याने सांगायची नाही.

सांगायची गरजही नव्हती. गब्दूचा दंड मापागणिक बारीक होत चालला होता. पिटूचा काही आठवडे उतरला, मग थांबला, आणि आता हळूहळू भरू लागला होता.

गब्दू आणि पिटू ही ताईची जुळी मुलं, माझा भाचा आणि भाची. दोघं आठ वर्षांची. ही टोपणनावं आमच्या आईने ठेवलेली, कारण जन्मापासून तो गुटगुटीत आणि ती मुठीएवढी. आई माझ्याकडे राहायची आणि दुपारी ताईच्या घरी जायची, मुलं शाळेतून येण्याच्या वेळेला. ताई कारखान्यात, भाऊजी लांब पल्ल्याच्या गाडीवर, मी छापखान्यात प्रुफं तपासत बसलेली. त्यामुळे आग लागली त्या दुपारी घरात आई आणि मुलं एवढीच होती. भिंतीतल्या वायरिंगने पेट घेतला असं अग्निशमन दलाच्या माणसांनी नंतर सांगितलं. आईने मुलांना एकामागून एक बाहेर आणून जिन्यात ठेवलं. खालच्या मजल्यावरचा सुतार धावत वर आला तेव्हा दोन्ही मुलं जिन्यात होती आणि आई दाराला टेकून बसली होती. तिने त्याला आधी मुलांना न्यायला सांगितलं.

मुलांना मुलांच्या इस्पितळात नेलं, आईला मोठ्यांच्या. ताई मुलांकडे धावली, मी आईकडे. आई दोन दिवस होती. मग गेली.

त्या दोन दिवसांबद्दल सगळ्यांनी मला विचारलं. नातेवाइकांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, छापखान्यातल्या माणसांनी चाचरत का होईना विचारलं. मी प्रत्येकाला थोडक्यात तेच ते सांगितलं आणि उरलेलं ताईसाठी ठेवलं. ते ऐकण्याचा हक्क तिचा होता, आणि तिच्याखेरीज ते कळणारं दुसरं माणूसही मला नव्हतं. पण ताईने विचारलं नाही. मी आईचा विषय काढला की ती उठून हात धुवायला जायची. त्या वॉर्डात हात धुवायला कधीही जाता येतं, कुणी कारण विचारत नाही.

मला वाटायचं, मुलं बरी झाली की विचारेल. नंतर मला कळलं की गोष्ट तेवढी सरळ नाही.

पिटूला अतिदक्षता विभागातून वरच्या मजल्यावर साध्या वॉर्डात हलवलं त्या दिवशीची गोष्ट. तिच्या मांडीची कातडी काढून छातीवर आणि पाठीवर लावली होती, ती छान धरली होती. नाकातली नळी निघाली होती. ती स्वतःच्या हाताने अंडं खात होती आणि मीठ कमी आहे अशी तक्रार करत होती. गब्दूचीही कातडी धरली होती. पण तो खाली काचेपलीकडे निपचित पडलेला. नाकात नळी, कपाळावर घाम, आणि नाडी अशी की जणू नुकताच धावून आला आहे. त्याच्या नळीतून जाणारी दुधासारखी पिशवी पिटूच्या पिशवीपेक्षा कितीतरी मोठी असायची. ती सगळी पोटात जाऊनही त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. गब्दू हे नाव घेताना आता आमची जीभ अडखळायची.

ताई आणि मी व्हरांड्यात चहाच्या यंत्रापाशी उभ्या होतो. मी म्हटलं, एक तरी वरच्या वॉर्डात गेली, दुसराही जाईल. ताईने चहाचा कप यंत्रावर ठेवला.

"आईने आधी पिटूला बाहेर काढलं," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

तिने खिशातून टेपची पिशवी काढून माझ्यासमोर धरली. "ही सांगते. एकाच थानातलं कापड, एकाच नमुन्यावर बेतलेले दोन तुकडे. एक नीट निघाला आणि एक आटला, तर मी काय समजू? एक जास्त वेळ गरम पाण्यात राहिला. दुसरा अर्थच होत नाही."

मी म्हटलं, मुलं म्हणजे कापड नव्हे. ती म्हणाली, तुझं बरोबर आहे, तू पुस्तकं वाचतेस. मी म्हटलं, धुरात आईला काय दिसलं असेल, काय हाताला लागलं असेल. ती म्हणाली, मी कुठे म्हणते मुद्दाम केलं? नुसतं सांगते, आधी तिला काढलं, तो मागे राहिला, आणि ते त्याच्या अंगावर दिसतंय. मग ती हात धुवायला गेली.

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग उतरतो. ती एखाद्या शिलाईतली चूक दाखवावी तसं बोलत होती, आणि अशी चूक ताई विसरत नाही. आईवर तिने खापर फोडलं नव्हतं, पण हिशेब मांडून ठेवला होता, आणि तो मोडल्याशिवाय ती मला त्या दोन दिवसांचं काही विचारणार नाही हे मला तिथे यंत्रापाशी उभ्या उभ्या स्पष्ट कळलं. मला ते ओझं एकटीने न्यायचं नव्हतं. शिवाय आई होती ती. दोन खेपा करून जीव दिलेल्या बाईची बाजू मांडायला कुणीतरी हवं होतं.

त्या आठवड्यात दोन्ही मुलांची मोजणी ठरली होती. मोजणी म्हणजे काय, तर मुलाला गादीवर स्वस्थ झोपवतात आणि डोक्यावर पारदर्शक टोपी ठेवतात, मोठ्या बरणीसारखी. तिच्यातून एक नळी यंत्रात जाते. मूल किती प्राणवायू घेतं आणि कसली हवा बाहेर सोडतं यावरून शरीर नुसतं पडल्या पडल्या किती शक्ती जाळतं ते कळतं. त्या आकड्यावरून पिशवी केवढी लावायची ते ठरतं. हे काम आहारतज्ज्ञ बाईंचं. मुलं त्यांना दूधबाई म्हणत, आणि त्याही आता फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देत.

टोपीखाली बोलायचं नसतं, हलायचं नसतं, रडायचं तर मुळीच नसतं. आकडा लगेच चढतो. पिटू टोपीखाली चक्क झोपी गेली. गब्दूने मात्र टोपी घालायच्या आधीच जाहीर केलं की तो अंतराळात चालला आहे.

"जा की," दूधबाई म्हणाल्या. "फक्त हातपाय न हलवता जा. आणि परत आलास की सांग, तिकडे जेवायला काय देतात."

तो शहाण्यासारखा पडून राहिला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्याच्या छातीकडे पाहत होते. पापणीही हलत नव्हती. तरी पडद्यावरची रेघ वरच राहिली.

मोजणी झाल्यावर दूधबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे कपाटांमधली फट. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला लागून पिशव्यांची खोकी. मी खोक्यावर बसले. त्यांनी दोन आकडे सांगितले. पिटूचं शरीर तिच्या वयाच्या, तिच्या अंगकाठीच्या निरोगी मुलीइतकंच जाळत होतं, किंचित जास्त. गब्दूचं दीडपट.

मी विचारलं, असं का. मला वाटलं होतं, त्या जखमेचं काहीतरी सांगतील. त्यांनी विचारलं, तुम्ही कधी भीतीने दचकून जाग्या झाला आहात का? जाग आल्यावर कळतं की काही नाही, तरी छाती धडधडत राहते. मोठं भाजल्यावर शरीराचं तसं होतं. आग कधीच विझलेली असते, जखम भरत येते, पण आतल्या यंत्रणेला ते पटत नाही. ती रात्रंदिवस पळत राहते. दूध पुरलं नाही की स्वतःचे स्नायू मोडून खाते. सगळ्या मुलांचं होतं. तुमच्या पिटूचंही झालं होतं, सुरुवातीला दोघांचे आकडे जवळजवळ होते. पण मुलींचं शरीर लवकर शांत होतं. मुलग्यांचं भडकतंही जास्त आणि निवायलाही वेळ लागतो. अंगातलं मांसही मुलींचं जास्त टिकतं.

"मुलींचं? मुलगी आहे म्हणून?"

"मुलगी आहे म्हणून. हार्मोनचा हात असावा, ताणाची रसायनं मुलींत कमी चढतात असंही दिसलं आहे. पुरता उलगडा कुणाला झालेला नाही. पण सारखं भाजलेली पुष्कळ मुलं आणि मुली शेजारी शेजारी ठेवली की हा फरक दिसतो."

"मग जो आगीत जास्त वेळ राहिला तो..."

"जास्त वेळ राहिला असता तर जखम मोठी असती, नाहीतर खोल असती," त्या म्हणाल्या. "ती पहिल्याच दिवशी आमच्या सर्जननी बघून ठेवली. दोघांचं निम्म्याच्या आसपास अंग भाजलं, खोलीही सारखी. त्यात उन्नीस-बीस नाही."

मी खोक्यावरून उठले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचे आभार मानायलाच विसरले.

घरी गेल्यावर मी वाचत बसले. जे मिळेल ते वाचलं. माझं कामच चुका शोधण्याचं, त्यामुळे मी कुठल्याही मजकुरावर चटकन विश्वास ठेवत नाही. पण त्या संध्याकाळी हवं ते वाक्य मी दोनदा वाचत होते आणि नको ते एकदा. दूधबाईंनी सांगितलं ते खरं होतं. काही ठिकाणी फरक मोठा निघाला होता, काही ठिकाणी बेताचा, आणि मोठ्या बायकांच्या बाबतीत तर गणित वेगळंच होतं. एकट्या गब्दूबद्दल अर्थातच कुठेही काही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईला दूधबाईंकडे नेलं. मीच सगळं सांगून टाकलं असतं, पण तिने मला पुन्हा पुस्तकं वाचणारी म्हटलं असतं. ताई दोन खोक्यांच्या मधे उभीच राहिली. सगळं ऐकून घेतलं. मग तिने टेप काढली, दोन दंडांची मापं आठवड्यांच्या क्रमाने तोंडपाठ म्हणून दाखवली आणि विचारलं की हे तुमच्या आकड्यांशी जुळतं का. दूधबाईंनी संगणकात पाहिलं. जुळत होतं. त्यांनी ताईकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही नोकरी सोडून इकडेच या.

ताई हसली नाही. "पण जुळी आहेत हो ती. एकाच थानातली."

"एकाच दुकानातली म्हणा. थान वेगळं. एक सुती, एक लोकरी. शेजारी शेजारी ठेवून बेतलंत, पण धुतल्यावर आटणार आपापल्या परीने."

ताईने यावर बराच विचार केला. लोकर किती आटते हे तिला माहीत असणार. मग तिने विचारलं, "म्हणजे तो आत जास्त वेळ राहिला म्हणून नाही?"

"जखमेवरून तरी तसं दिसत नाही. पण तुमच्या एकट्या मुलाबद्दल मी शपथेवर सांगणार नाही. मी पुष्कळ मुलांचं सांगते आहे. एखादा मुलगा मुलीसारखा पटकन सावरतो, एखादी मुलगी मागे पडते. तुमच्याकडे जसं सहसा होतं तसंच झालंय, एवढंच."

पुढे त्यांनी सांगितलं की हृदयाचे ठोके संथ करणारं औषध सर्जन सुरू करणार आहेत, त्याने ही आतली पळापळ कमी होते. पिशवी अजून वाढवणार. उभं राहता आलं की व्यायाम. ताईने औषधाचं नाव विचारून घेतलं, ते किती वेळा द्यायचं ते विचारलं, आणि टेप गुंडाळून पिशवीत घातली.

मी वाट पाहत होते. व्हरांड्यातून चालताना, जिना उतरताना, चहाच्या यंत्रापाशी. ताईने चहा घेतला, कप धुतला आणि ती गब्दूकडे गेली. त्या संध्याकाळी ती वर पिटूजवळ झोपायला गेली, हे खरं. आतापर्यंत वर मीच असायचे, ताई नुसती माप घ्यायला यायची. सकाळी पिटूने मला अभिमानाने सांगितलं की आई रात्रभर घोरली. पण आमच्या आईबद्दल ताई काही बोलली नाही.

मला राग आला. एवढं सगळं पायाशी आणून ठेवल्यावर माणसाने निदान वाकून तरी बघावं.

पिटूचे कोपर वाकवण्याचे व्यायाम दुपारी असत. व्यायामवाले दादा एक कोन ठरवून द्यायचे आणि तिथपर्यंत हात नेताना ती तोंडातून ब्र काढायची नाही, फक्त माझ्या हाताला नखं रुतवायची. नंतर मी तिच्या हाताला मलम लावायचे. एके दिवशी मलम लावताना ती म्हणाली,

"मावशी, आजीने आधी मला उचललं."

मी बोट थांबवलं नाही. म्हटलं, "हो? तू दाराजवळ असशील."

"नाही. दाराजवळ गब्दू होता. मी पलंगाखाली गेले होते."

तिने मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं सांगितलं. खोलीत काळा धूर आला तेव्हा ती पलंगाखाली शिरली. आजी आली. गब्दू दारातच उभा होता, आजीला चिकटला. आजीने त्याला बाजूला केलं, आत आली, पलंगाखालून हिचा पाय धरून हिला ओढलं आणि कडेवर घेतलं. गब्दूला म्हणाली, माझ्या मागोमाग ये. बोळातला पडदा पेटलेला होता. तो आजीवर आणि हिच्यावर कोसळला. गब्दू पडद्याच्या पलीकडे राहिला. आजीने हिला जिन्यात ठेवलं आणि परत गेली.

"गब्दू आला असता मागोमाग," पिटू म्हणाली, "पण पडदा खाली पडून जळत होता ना."

"हो गं. कसा येणार."

"मला ओढताना आजीने शिवी दिली."

"कुणाला?"

"पलंगाला."

मलम लावून झालं होतं. मी उगाच आणखी थोडं लावलं.

माझी सगळी वकिली दोन मिनिटांत निकालात निघाली होती. मी ताईला म्हटलं होतं, धुरात आईला काय दिसलं असेल. आईला दिसलं होतं. हाताशी आलेल्या नातवाला तिने बाजूला केलं आणि नातीसाठी आत गेली. तो आपल्या पायाने येईल, ही येणार नाही, असा तिने विचार केला असेल. बरोबरच होता. पण निवड ती निवडच. ताईने चुकीच्या मापावरून बरोबर उत्तर काढलं होतं, आणि मी खरी माहिती देऊन तिला चुकीच्या उत्तराकडे नेलं होतं.

गप्प बसता आलं असतं. पिटूला सांगितलं असतं की हे तुझ्या आईला सांगू नकोस, आणि ती बहुधा बोललीही नसती. पण मग ताईने कधी विचारलंच, तर त्या दोन दिवसांतलं मी तिला काय सांगणार होते? एका बाजूला खरं आणि एका बाजूला झाकलेलं, असं मला जमत नाही. एका प्रुफात चूक दिसूनही सोडली की पुढचं पानच वाचवत नाही.

ताई खालच्या मजल्यावर व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. मांडीवर पिटूचा नवा घट्ट अंगरखा होता. नव्या कातडीवर वण उठू नयेत म्हणून मुलांना तो रात्रंदिवस घालावा लागतो. इस्पितळाच्या शिलाईवाल्याने तो मापाने शिवला होता, आणि ताई काखेतली शिवण उलटीसुलटी करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, अगदी हळू आवाजात. गब्दूचा दंड त्या आठवड्यात भरला नव्हता, पण उतरलाही नव्हता. हे मला तिने स्वतः होऊन सांगितलं.

मी तिच्या शेजारी बसले आणि पिटूने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. दारातला गब्दू, पलंग, पडदा. शिवीसुद्धा. आईची बाजू घेणारं एकही वाक्य मी मधे घातलं नाही.

ताईची बोटं शिवणीवरून फिरत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात सांगितलं तिने मला. नाकात नळी होती तरी सांगितलं."

"मग तू टेप का दाखवलीस मला?"

"पोरीचं नाव घेऊ? तू भांडायला उभी राहिली असतीस आणि जाऊन तिलाच विचारलं असतंस. आठ वर्षांची आहे ती."

एवढे आठवडे तिला ठाऊक होतं. मी व्हरांड्यात, खोक्यांच्या खोलीत, घरी वाचत बसून जे सिद्ध करत होते ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

"आधी आणि नंतर, ते मी केव्हाच सोडून दिलं," ताई म्हणाली. "मुलं दोन, बाई एकटी. कुणीतरी नंतर येणारच. मी असते तर मीही पलंगाखालचीलाच आधी ओढलं असतं. नाहीतर नसतं ओढलं, काय सांगावं. पण रोज माप घेतलं की वाटायचं, तो जो तेवढा वेळ मागे राहिला ना, तो वेळ याला अजून खातोय. रोज थोडा थोडा. आईने केलं ते झालं असं नव्हतंच, ते माझ्यासमोर चालूच होतं. असं असताना तिच्याबद्दल तुला काय विचारू? तू काहीतरी सांगितलं असतंस, मी रडले असते, आणि मग आत जाऊन परत टेप लावायची?"

आतून व्यायामवाल्या दादांचा आवाज येत होता, दुसऱ्या कुठल्या मुलाला सांगत होते, अजून थोडा, अजून थोडा.

"दूधबाईंनी शपथ घेतली नाही," मी म्हटलं. मला ते म्हणावंच लागलं.

"नको घेऊ दे. जखम सारखीच आहे म्हणाल्या ना? मुलगा आहे म्हणून त्याला वेळ लागतोय म्हणाल्या. म्हणजे आधी काढला असता तरी आज तो असाच असता, आणि असाच मी त्याला मोजत बसले असते. तेवढं पुरे आहे मला." तिने अंगरख्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तू त्या खोलीत मला नेलंस ना, तेव्हाच कळलं मला. पण लगेच जमलं नाही."

मी मान हलवली. आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र होतं.

"तिचा चष्मा होता का तिच्याजवळ?" ताईने विचारलं.

मला आधी समजलं नाही ती कुणाबद्दल बोलते आहे. मग समजलं.

"नाही. घरातच राहिला. पहिल्या दिवशी सारखा मागत होती. मी माझा तिच्या डोळ्यांसमोर धरला."

"तुझा? तुझा नंबर केवढा."

"म्हणाली, हा कुठल्या आंधळ्याचा आणलास, छत सगळं वाकडं दिसतंय."

ताईच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. तिने अंगरखा छातीशी धरला आणि मान खाली घातली, आणि बराच वेळ वर केली नाही. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. आम्हा बहिणींमध्ये तसं नाही.

"मग?" ती मान खाली घालूनच म्हणाली.

मग मी चष्मा पुसून पुन्हा धरला होता, आणि आईने विचारलं होतं की मुलांजवळ कोण आहे. मी सांगितलं, ताई आहे. तेव्हा ती म्हणाली, तिला म्हणावं काहीतरी खा, उपाशी राहिली की ती भांडते. हे मी ताईला सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, मग? मी बाकावर जरा सरकून बसले आणि पुढचं सांगू लागले.